खेळ, कला, संस्कृतीचं सामान्य ज्ञान टिकत नाही? मग नागपूरपासून सुरुवात करा

उमरेडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती राज्यसेवेची तयारी करते आणि कॉलेजच्या प्रश्नमंजुषा संघातही आहे. राज्यघटना जमते, भूगोल जमतो, पण खेळ, कला आणि सांस्कृतिक इतिहास या भागाच्या याद्या कितीही घोकल्या तरी आठवडाभरात पुसल्या जातात, असं तिचं म्हणणं. सुरुवात कुठून करू आणि या भागाला किती वेळ देऊ, असं तिने विचारलं आहे.

मी नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हाच भाग शिकवतो आणि प्रश्नमंजुषांसाठी प्रश्नही काढतो. माझं उत्तर असं आहे: यादी काही दिवस बाजूला ठेवा. आपल्या माहितीच्या एखाद्या जागेपासून सुरू करा आणि प्रत्येक माहितीला दोन प्रश्न विचारा. हे इथंच का घडलं? आणि तेव्हाच का घडलं? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना आजूबाजूची दहा नावं आपोआप हाताला लागतात आणि ती एकमेकांना धरून राहतात. तुम्ही उमरेडच्या, म्हणजे नागपूर तुमच्या रोजच्या जाण्यायेण्यातलं. म्हणून मी उदाहरणंही इथलीच घेतो.

क्रिकेटपासून सुरू करू. विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक कोणाची, हा प्रश्न प्रत्येक पुस्तकात असतो. उत्तर चेतन शर्मा, १९८७. एवढंच पाठ केलं तर ते विसरणारच. आता पूर्ण प्रसंग पाहा. ३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचा त्रिफळा उडवला. तिघंही बोल्ड, झेल नाही की पायचीत नाही. न्यूझीलंडच्या २२१ धावा झाल्या. भारताला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, धावगतीत ऑस्ट्रेलियाच्या पुढे जाऊन गटात पहिलं यायचं होतं, कारण पहिल्या संघाची उपांत्य फेरी मुंबईत आणि दुसऱ्याची लाहोरला होती. म्हणून एरवी संथ खेळाबद्दल बोलणी खाणारे सुनील गावसकर त्या दिवशी सुटले. ८८ चेंडूंत नाबाद १०३. त्यांच्या १०८ एकदिवसीय सामन्यांतलं हे एकमेव शतक. भारताने ३२.१ षटकांत सामना संपवला आणि सामनावीराचा मान दोघांना विभागून मिळाला. पुढे काय झालं? मुंबईची उपांत्य फेरी मिळाली, पण तिथे इंग्लंडने हरवलं आणि तो गावसकरांचा शेवटचा एकदिवसीय सामना ठरला. एका दुपारीतून किमान पाच प्रश्न निघतात, आणि धावगतीचं कारण कळल्यावर त्यातला एकही वेगळा पाठ करावा लागत नाही.

तीच तारीख धरून मागे जा. ३१ ऑक्टोबर हाच सी. के. नायडूंचा जन्मदिवस. १८९५ साली त्यांचा जन्म नागपुरात झाला. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली तेव्हा ते कर्णधार होते. पण त्यांना संघाचं नेतृत्व इतक्या सहज मिळालं नव्हतं. १९२६ मध्ये मुंबईत हिंदू संघाकडून एमसीसीविरुद्ध, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध, त्यांनी १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार होते. भारतीय संघ कसोटीच्या लायकीचा आहे, ही चर्चा त्या खेळीने पुढे नेली. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं आणि सी. के. कर्णधार असलेल्या होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. म्हणजे नागपूरचा माणूस इंदूरला करंडक जिंकून देत होता आणि नागपूरचा स्वतःचा संघ मात्र कितीतरी वर्षं रिकाम्या हाताने परतत होता. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तो २०१७-१८ च्या हंगामात, आणि अंतिम सामना कुठे झाला? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीविरुद्ध. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला, तिसऱ्यांदा तो २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध जिंकला. पहिल्या दोन विजेतेपदांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्यांनीच २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. इंदूर-नागपूर ही ये-जा एकदा डोळ्यासमोर आली की हे सगळे हंगाम आपोआप ओळीत बसतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण गुण सगळ्यात जास्त इथेच जातात. 'पहिला' हा शब्द प्रश्नात दिसला की त्याच्याभोवतीची मर्यादा नीट वाचा. चेतन शर्माची हॅट्ट्रिक पुरुषांच्या विश्वचषकातली पहिली. एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली मात्र पाकिस्तानच्या जलालुद्दीनची, १९८२ ची, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. खाशाबा जाधव यांचं १९५२ च्या हेलसिंकीतलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९०० च्या पॅरिसमधली नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर आहेतच. वैयक्तिक सुवर्ण पहिलं अभिनव बिंद्राचं, २००८. ॲथलेटिक्समधलं पहिलं सुवर्ण नीरज चोप्राचं, टोकियोत. यात पाच ठिकाणी 'पहिला' आला, पाचही ठिकाणी खरा आहे आणि पाचही ठिकाणी वेगळा आहे. पर्याय काढणारा माणूस नेमका या फटीत पर्याय बसवतो. मी स्वतः प्रश्न काढतो म्हणून खात्रीने सांगतो.

नव्या खेळाडूंकडेही याच नजरेने बघा. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न त्याच्या खाली दडलेला असतो. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती, म्हणजे दोन्ही खेळाडू भारतीय, आणि निकाल टायब्रेकमध्ये लागला. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन नॉर्म (म्हणजे मोठ्या स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी) आणि २५०० रेटिंग लागतं, पण या स्पर्धेच्या विजेतीला किताब थेट मिळतो, म्हणून दिव्या एकदम भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांमध्ये ती चौथी. आधीच्या तिघी म्हणजे हम्पी, द्रोणवल्ली हरिका आणि वैशाली. नियम समजून घेतला की बातमी लक्षात राहते, उलटं होत नाही. तिरंदाज ओजस देवतळे हाही नागपूरचा. २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात तो जगज्जेता झाला, तोही अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेऊन. त्याच स्पर्धेत महिलांमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी जिंकली. कंपाउंड आणि रिकर्व्ह धनुष्यातला फरक मात्र समजून घ्या: कंपाउंडला दोरी ओढायला कप्प्या असतात, रिकर्व्हला नसतात. २०२४ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह होतं, म्हणून जगज्जेता असूनही ओजस पॅरिसला नव्हता.

आता सांस्कृतिक इतिहासाकडे येतो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागाची श्रीमंती इथे आहे आणि मुलं नेमकं हेच टाळतात.

रामटेकला तुम्ही गेलाच असाल. गडावरून उतरलात की नगरधनचा रस्ता धरा. आज तिथे दिसणारा किल्ला बराच नंतरचा आहे, पण हे गाव म्हणजे विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची जुनी राजधानी नंदिवर्धन. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी गेल्या दशकात तिथे उत्खनन केलं, तेव्हा मातीची एक इवलीशी मुद्रा मिळाली. लंबगोल, चिमटीत मावेल एवढी, वजन जेमतेम सहा-सात ग्रॅम. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत एका राणीचं नाव आहे: प्रभावतीगुप्ता.

ही राणी म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी तिचं लग्न झालं. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, आणि राज्याचा कारभार तिने हातात घेतला. काळ साधारण चौथ्या शतकाचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात. तिच्या ताम्रपटांत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वंशावळ सांगताना ती सासरच्या वाकाटकांऐवजी माहेरच्या गुप्तांपासून सुरुवात करते आणि गोत्रही वडिलांचंच, धारण, सांगते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजपत्रात एका स्त्रीने स्वतःची ओळख अशी नोंदवावी, हे मला वर्गात सांगताना दर वेळी थांबायला लावतं. परीक्षेच्या दृष्टीनेही हा तपशील मोलाचा, कारण गुप्त घराण्याची वंशावळ इतिहासकारांना ज्या साधनांतून पक्की करता आली त्यांत हे ताम्रपट आहेत.

इथे एक सापळा आहे. तिच्या एका दानपत्राला पुणे ताम्रपट म्हणतात. नाव वाचून विद्यार्थी राणीला पुण्याला नेऊन बसवतात. ताम्रपट पुण्यात एका घराण्याकडे मिळाला म्हणून ते नाव पडलं, दिला गेला तो नंदिवर्धनहून. तांब्याचे पत्रे वारसाहक्काने, लग्नाकार्याने कुठल्या कुठे जातात. त्यामुळे ताम्रपट सापडला कुठे आणि दिला कुठून, हे दोन रकाने कायम वेगळे ठेवा. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. त्यात रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी दान दिल्याचा उल्लेख आहे, म्हणजे आपलं रामटेक.

रिद्धपूर म्हटलं की दुसरा धागा सुरू होतो. श्रीगोविंदप्रभूंचं हे गाव, महानुभाव पंथाचं मोठं स्थान. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं ते तेराव्या शतकात. मराठी गद्याचा इतिहास तिथून सांगतात. राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठासाठी हेच गाव निवडलं त्यामागे हा सगळा वारसा आहे.

परत वाकाटकांकडे. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर सेतुबंध हे काव्य आहे, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या भाषेत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीही होत्या. मराठीच्या प्राचीनतेचा विषय निघाला की हालाच्या गाथासप्तशतीबरोबर सेतुबंधाचं नाव घेता आलं पाहिजे. याच घराण्याची दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजचं वाशिम. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवलं, तिथला शिलालेखच तसं सांगतो. अजिंठा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असलं तरी त्याच्या उत्तरार्धातल्या वैभवामागचं राजघराणं विदर्भाचं आहे. नागपुरात अध्यापन केलेल्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित केले, तो ग्रंथ १९६३ चा. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत त्यांनी भक्कमपणे मांडलं. सगळे विद्वान त्यावर एकमत नाहीत, म्हणून उत्तर लिहिताना 'मानला जातो' असं लिहा.

आता कला. झाडीपट्टी रंगभूमीबद्दल एका ओळीत पाठ करतात: पूर्व विदर्भ, वडसा, दंडार (तिथला लोकनाट्याचा प्रकार). इथंच का आणि तेव्हाच का, हे विचारा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास धान निघतं, हातात चार पैसे येतात, मंडई म्हणजे गावजत्रा भरतात, आणि नाटकांचा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. त्यासाठी गावोगावचे पाहुणे जमलेले. रात्री त्यांच्या करमणुकीसाठी मंडपात नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. बाजूला ऑर्गन-तबलेवाले बसलेले, गाणी जिवंत म्हटली जातात. नाटक कंपन्यांचं ठाणं देसाईगंज-वडसा. शासनाचं अनुदान असो वा नसो, तिकिटाच्या पैशावर उभा असलेला हा नाट्यव्यवसाय आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. शंकरपटाचा धागा ओढलात तर कायद्याचाही प्रश्न हाती येतो: सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, नंतर राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. राज्यघटना तुम्हाला आवडते ना, मग हा दुवा खास तुमच्यासाठी.

शहरी रंगभूमीचं थोडक्यात. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब उभे केले डॉ. वसंतराव देशपांडे यांनी, ज्यांचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण नागपुरात झालं. या नाटकाचा लेखक आणि संगीतकार यांची अदलाबदल करून पर्याय दिले जातात, एवढं जपा.

पुरस्कारांच्या याद्यांनाही हाच न्याय. साहित्य अकादमी पुरस्कार विशिष्ट पुस्तकाला मिळतो, पद्म पुरस्कार व्यक्तीला. नागपूरचे कवी ग्रेस यांना २०११ चा साहित्य अकादमी मिळाला तो 'वाऱ्याने हलते रान' साठी, आणि ते ललितलेखांचं पुस्तक आहे. कवी म्हणून ओळख, म्हणजे काव्यसंग्रहच असणार, असं गृहीत धरणारे चुकतात. त्यामुळे पुरस्काराच्या नोंदीत वर्ष आणि नावाबरोबर साहित्यप्रकारही लिहा.

दीक्षाभूमीबद्दल तारखांची सरमिसळ होते. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना दिली. आज दिसणारा स्तूप त्या दिवशी नव्हता, त्याचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. नागपूरच का, याचं उत्तर बाबासाहेबांनी स्वतः दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिलं आहे: हा नाग लोकांचा प्रदेश, आणि बौद्ध धम्माचा प्रसार नागांनी केला. ते भाषण मूळातून वाचा. बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकातला सारांश त्याची जागा घेऊ शकत नाही.

वेळेबद्दल विचारलं आहे. राज्यसेवेसाठी या भागाला रोज अर्धा तास पुरे, पण रोज. एक वही करा, डाव्या पानावर घटना, वर्ष, ठिकाण. उजव्या पानावर फक्त 'का'. उजवं पान रिकामं राहिलं तर ती नोंद अजून तुमची झालेली नाही, तिच्यावर खूण करून ठेवा आणि आठवड्याच्या शेवटी तेवढंच शोधा. प्रश्नमंजुषेसाठी मात्र सरावाची रीत वेगळी: मैत्रिणीला बसवा, तिने उत्तर सांगावं आणि तुम्ही प्रश्न तयार करावा. प्रश्न काढायला लागलात की मर्यादा, अपवाद, सापळे सगळं दिसू लागतं.

पहिल्या आठवड्यासाठी एक धागा देतो. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. या मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे गेला आणि कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने हरवलं, आणि ती तारीख होती १५ ऑगस्ट. आता तुम्ही शोधा: तोवर भारताने हॉकीची किती सुवर्णं सलग जिंकली होती, त्या ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्सने काय केलं, आणि कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून १९९० मध्ये बीजिंगला कशी पोहोचली. उजव्या पानावर 'का' लिहायला विसरू नका.